रहस्यकथेचा शेवट

रहस्यकथेचा आरंभ सोपा असतो. अवघड असतो तो शेवट. एक बंद दार, एक पुसट पाऊलखूण, एक अर्धवट चिठ्ठी एवढ्या सामग्रीवर उत्कंठा जागविता येते. परंतु ही उत्कंठा म्हणजे लेखकाने वाचकाकडून उसने घेतलेले धनच असते आणि अखेरच्या प्रकरणात ते व्याजासह परत करावे लागते. नाट्यशास्त्राने पाच संधींपैकी शेवटच्या संधीला ‘निर्वहण’ म्हटले आहे. मुखसंधीत पेरलेले बीज आणि मध्यंतरी विखुरलेले अर्थ तेथे एकत्र येऊन फळास यावेत, अशी त्याची अपेक्षा आहे.

असे निर्वहण अमेरिकेतील मुलांसाठी केलेल्या एका ॲनिमेशन मालिकेत पाहावयास मिळते. ॲलेक्स हर्श यांची ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ ही ती मालिका. जून २०१२ मध्ये सुरू होऊन ती १५ फेब्रुवारी २०१६ रोजी संपली. तिचे भाग अवघे चाळीस. डिपर आणि मेबल ही बारा वर्षांची जुळी भावंडे उन्हाळ्याच्या सुटीत ऑरेगन राज्यातील एका आडगावी, चुलत आजोबांकडे येतात. हे स्टॅन आजोबा खोट्यानाट्या अद्भुत वस्तूंचे प्रदर्शन मांडून प्रवाशांना लुबाडणारे, वरकरणी कंजूष आणि तिरसट गृहस्थ. डिपरला जंगलात एक जुनी रोजनिशी सापडते. तिच्या वेष्टनावर सहा बोटांचा पंजा असतो आणि आत गावातील विचित्र प्राण्यांची वर्णने असतात. ही रोजनिशी लिहिली कोणी, हे मालिकेचे मूळ कोडे.

सामान्य लेखकाने हे उत्तर शेवटच्या पानापर्यंत राखून ठेवले असते. हर्श यांनी ते २०१५ मध्येच, दुसऱ्या पर्वाच्या मध्यावर देऊन टाकले. लेखक होता स्टॅनचा सहा बोटांचा जुळा भाऊ फोर्ड. तीस वर्षांपूर्वी तो दुसऱ्या विश्वात ओढला गेला आणि त्याला परत आणण्यासाठी स्टॅन त्याचेच नाव धारण करून त्याच्याच घरात राहिला. बुद्धीचे देणे असे आधीच फिटले. उरले ते हृदयाचे: दुरावलेले दोन भाऊ एक होतील काय?

प्रेक्षकांचे लक्ष मात्र आणखी एका कूटावर खिळले होते. मालिकेच्या आरंभगीताच्या शेवटी दहा चिन्हांचे एक चक्र क्षणभर दिसे. भागांच्या अखेरीस सांकेतिक लिपीतील ओळी येत आणि हौशी प्रेक्षक त्या उकलीत बसत. त्यामुळे बिल सायफर या त्रिकोणी, एकाक्ष खलपुरुषाचा नाश चक्रानेच होणार, अशी अपेक्षा निर्माण झाली होती. शेवटच्या भागात ती दहा माणसे खरोखरच हात धरून उभी राहतात. एवढ्यात स्टॅनच्या बोलण्यातील व्याकरणाची चूक फोर्ड दुरुस्त करतो, भाऊ हातघाईवर येतात आणि चक्र मोडते. जगाचा प्रश्न एका शब्दावर अडतो! ज्या घरात भाऊबंदकी पाहिली आहे, त्या घरातील माणसाला हा प्रसंग अतिशयोक्त वाटणार नाही.

मग सुटका होते ती स्वभावातून. बिलला फोर्डच्या मनातील एक सूत्र हवे असते आणि मनात शिरण्यासाठी त्याला संमती लागते. भाऊ एकमेकांचे कपडे घालतात. बिल फोर्डशी म्हणून हस्तांदोलन करतो आणि शिरतो स्टॅनच्या मनात. तेव्हा फोर्ड स्मृती पुसणारे यंत्र भावावर रोखतो. मन रिकामे होते, बिल नष्ट होतो. परंतु स्टॅनही आपल्या माणसांना विसरतो. जन्मभर लबाडी करणाऱ्याने केलेली ही शेवटची लबाडी. तिची किंमत मात्र त्याने स्वतः मोजली.

यातील एकही साधन ऐनवेळी आकाशातून पडलेले नाही. स्मृतियंत्राने एका बुद्धिमान माणसाचे आयुष्य कसे उद्ध्वस्त केले, हे आधीच्या एका भागात येऊन गेले आहे. मेबलची चिकटवही तर आरंभापासून थट्टेचा विषय. तीच उघडून ती आजोबांना त्या उन्हाळ्याची चित्रे दाखविते आणि त्यांची ओळख हळूहळू परत येते. स्मृती फार लवकर परतते, असा आक्षेप घेता येईल आणि तो अगदीच अप्रस्तुत नाही. परंतु पुसलेले मन प्रेमाच्या नोंदींनी पुन्हा भरते, ही कल्पना कथेच्या प्रकृतीशी सुसंगत आहे.

शेवटी मुले तेरा वर्षांची होतात आणि बसने घरी निघतात. मालिका लोकप्रिय असतानाच ती थांबविण्याचा निर्णय स्वतः हर्श यांचा होता. तो कथेला साजेसाच म्हटला पाहिजे. कारण संपणे हा सुटीचा धर्मच आहे. अखेरीस अरण्यातील बिलच्या दगडी पुतळ्याचे खरेखुरे छायाचित्रण क्षणभर दिसले आणि पुढे अनेक देशांत पेरलेल्या खुणांचा माग काढीत चाहत्यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये तो पुतळा ऑरेगनमधील रीड्सपोर्टजवळ शोधून काढला. हा झाला खेळ. कथेचे समाधान त्यापूर्वीच पूर्ण झाले होते. कोडे सुटल्यावर वाचक पुस्तक मिटतो. माणसे उमगली, तर तो ते पुन्हा पहिल्या पानापासून उघडतो.