प्रश्न आपल्या भाषेत हवा

संतपूरसारख्या सीमेवरील गावात अनेक घरांत मराठी, कचेरीत कन्नड, तर डॉक्टरांच्या कागदावर इंग्रजी असते. पोटदुखी बोटाने दाखविता येते. मनाचे दुखणे शब्दांवाचून सांगता येत नाही.

द्विध्रुवी विकाराचा रोगी कधी खोल उदास होतो, तर कधी झोपेवाचून उत्साहाने फिरतो, वारेमाप खर्च करतो. बहुधा तो उदासीतच डॉक्टरांकडे जातो. उन्मादाचे दिवस त्यास आजार वाटतच नाहीत. ते न कळता केवळ उदासीचे औषध दिल्यास उन्माद उसळण्याचा धोका असतो.

हे दिवस हुडकण्यासाठी अमेरिकेत २००० साली १३ ‘होय-नाही’ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली. इराणी डॉक्टरांनी ती फारसीत आणून मनोरुग्णांवर पडताळून पाहिली. कारण प्रश्नच परका असेल तर उत्तरही फसवे ठरते. तथापि प्रश्नावली ही चाळणी होय, निदान नव्हे.

म्हणून, वाचकहो, रोग्यास एकटे धाडू नका. सोबत जा आणि ते ‘चांगले’ दिवसही डॉक्टरांस सांगा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत व कन्नडमध्ये विनामूल्य सल्ला मिळतो.

यरीहोच्या वाटेवर प्रभूने आंधळ्यास आधी विचारले, मग बरे केले. आपणही आधी विचारावे, असे आम्हांस वाटते.