एक एंजिन व अनेक अवजारें

एकाच लहान पेट्रोल एंजिनास निरनिराळीं अवजारें जोडून गवत कापणें, फांद्या छाटणें, तण खुरपणें व पाणी उपसणें हीं कामें करतां येतात. अशीं यंत्रें हल्लीं बाजारांत मिळतात. तीं घेणें किफायतशीर आहे काय, याचा विचार खरेदीपूर्वीं करणें इष्ट होय.

एंजिन एकच घ्यावें लागतें व निगाही एकाचीच ठेवावी लागते, हा यांतील मुख्य फायदा. परंतु पावसाळ्यांत बांधावरील गवत व पिकांतील तण एकाच वेळीं माजतें. अशा वेळीं दोन गडी असले तरी एकास रिकामें बसावें लागतें. एंजिन बिघडल्यास तर सर्वच कामें अडतात. आणि खुरपणी लांबली म्हणजे नुकसान पिकाचें होतें.

दुसरी गोष्ट शक्तीची. ५२ घनसेंटिमीटरचें एंजिन सुमारें २ अश्वशक्तीचें असतें. गवत व बारीक फांद्या यांस तेवढी शक्ति पुरते. कठीण काळ्या जमिनींत मात्र तें फार तापतें व लवकर झिजतें. तासन्‌तास पाणी उपसावयाचें असल्यास स्वतंत्र पंपच बरा.

सबब, प्रथम आपल्या कामांची महिनावार यादी करावी. जीं हलकीं कामें निरनिराळ्या वेळीं येतात, तेवढ्यांचींच अवजारें घ्यावीं. सांधा घट्ट बसतो कीं नाहीं व सुटे भाग जवळच्या गांवीं मिळतात कीं नाहीं, हें आधीं पाहावें. वर्षांतून दोनच दिवस लागणारें अवजार भाड्यानें आणणें हेंच शहाणपणाचें.