संत्र्याच्या नवतीवरील कीटकांचे देहखंड

मृगाच्या सरींनंतर काटोल, नरखेड, कळमेश्वर या तालुक्यांतील संत्र्याच्या बागांना कोवळी नवती फुटली, की तिच्यावर लिंबाच्या फुलपाखराची अळी वावरू लागते. पण लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसत असल्यामुळे, आणि मोठेपणी पानांच्याच हिरवेपणात मिसळून जात असल्यामुळे, बागाईतदाराच्या नजरेतून ती बहुधा निसटते. कीटकाच्या शरीररचनेचा परिचय करून घ्यावयास हिच्याइतके सोयीचे उदाहरण या मुलखात क्वचितच मिळेल.

तिचा पुढचा फुगीर भाग पाहून तेच डोके असावे असा समज होतो. वस्तुतः तो वक्ष होय, आणि खरे डोके त्याच्या पुढे, खाली झुकलेले, अगदी लहान असते. वक्षाचे खंड तीन: अग्रवक्ष, मध्यवक्ष व पश्चवक्ष, त्यांच्यामागे उदराचे दहा. काडीने किंचित डिवचताच अग्रवक्षातून दोन फाट्यांचा मांसल अवयव बाहेर पडून उग्र दर्प सुटतो, आणि मुंग्यांसारखे शत्रू माघार घेतात.

वक्षाच्या प्रत्येक खंडावर सांधेदार पायांची एकेक जोडी असते. उदराच्या तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या आणि दहाव्या खंडावर जे मांसल पाय दिसतात, ते केवळ आधारापुरते तैनात असून कोशावस्थेत नाहीसे होतात. फुलपाखराला उरतात ते वक्षाचेच सहा पाय, आणि पंखांच्या दोन जोड्या मध्यवक्ष व पश्चवक्ष यांवरच उगवतात. चालण्याउडण्याची सारी कामगिरी अशी वक्षाकडे, तर पचन आणि प्रजनन मुख्यत्वे उदराकडे. डोकेही मुळात अनेक खंडांचेच. परंतु ते एकजीव झाल्याने त्यांचे सांधे सहसा ओळखू येत नाहीत. प्रौढ कीटकाच्या उदरखंडांवर वरची पृष्ठपट्टिका आणि खालची अधरपट्टिका यांना मृदू पटल जोडते, म्हणूनच श्वासागणिक उदर फुगू-आकसू शकते.

फवारणीचा पंप खांद्यावर घेण्यापूर्वी हे खंड न्याहाळण्याची सवय लागावी, असे मला मनापासून वाटते. कारण रोपवाटिकेतील मोजक्या अळ्या हाताने वेचूनही भागते. सिट्रस सायला या चिमुकल्या कीटकाची गोष्ट मात्र निराळी: डोके पानाला टेकवून, उदर वर उचलून तो तिरका बसतो, आणि त्या बैठकीवरूनच ओळखू येतो. नवतीचा रस शोषताना त्याच्या सोंडेवाटे ग्रीनिंग रोगाचे जीवाणू झाडात शिरतात, आणि एकदा शिरलेला तो रोग कोणत्याही फवारणीने झाडातून निघत नाही.