वीज शेजारी, अंधार घरी

कोलाडला राफ्टिंग केलंय कधी? मग ऐका. कुंडलिकेच्या ज्या पाण्यावर तुमची बोट उसळली, ते आधी वीज तयार करून आलेलं होतं! मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या केंद्रात येतं, टर्बाइन फिरवतं आणि मग नदीत जातं. १९२७ पासून हे चालू आहे. या धरणात जमिनी गेल्या म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला होता, हेही विसरू नका.

पालीकरांसाठी भिरा म्हणजे शेजारच. वीज मात्र जाते मुंबईला.

आपण वीज म्हटलं की बटण बघतो, इंधन नाही. कोळसा लांबून रेल्वेने येतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातल्या औष्णिक केंद्रांकडे सरासरी चारेक दिवसांचाच साठा उरला होता. गॅसचंही तेच. गुहागरजवळचा दाभोळ प्रकल्प जवळपास दोन हजार मेगावॅटचा, पण २०१३ मध्ये गॅस थांबला आणि तोही थांबला. धरणातलं पाणी म्हणजे दाराशी भरून ठेवलेलं इंधन. शिवाय बंद पडलेलं कोळशाचं केंद्र सुरू करायला बाहेरून वीज लागते, जलविद्युत केंद्र मात्र पटकन उठतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, लोकल थांबल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. अशा वेळी ही केंद्रंच कामाला येतात.

मग इंधन असलं की झालं? नाही ना!

त्याच वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. खांब आडवे झाले, तारा तुटल्या. जिल्ह्यातली कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. नळाला पाणी नाही, मोबाइलला रेंज नाही आणि कॉलेज म्हणे ऑनलाइन! तेव्हा देशात विजेचा तुटवडा नव्हता. तुटली होती ती शेवटची तार.

म्हणून पुढच्या वेळी लाइट गेली की नुसतं ‘कधी येणार?’ विचारू नका. आपल्या गावाला वीज किती बाजूंनी येते? एक लाइन पडली तर दुसरी आहे का? किनाऱ्यावरच्या तारा जमिनीखाली कधी जाणार? ग्रामसभेत अठरा वर्षांवरचा प्रत्येक मतदार हे विचारू शकतो. म्हणजे तुम्हीसुद्धा.