उड्डाणात कॅनोपी उघडणे

उड्डाणात कॅनोपी उघडणे ही लहान विमानांच्या बाबतीत उद्भवणारी एक आकस्मिक स्थिती आहे. वैमानिकाच्या आसनावरील पारदर्शक छताला 'कॅनोपी' म्हणतात. या छताची खिटी नीट बसलेली नसेल, तर विमानाने वेग घेतल्यावर ते थोडे किंवा पूर्ण उघडते. मोठा आवाज, अंगावर येणारा वारा व विमानाची थरथर यांमुळे हा प्रसंग भीतिदायक वाटतो. तथापि बहुतेक प्रकारची विमाने या स्थितीतही नियंत्रणात ठेवता येतात. छत लावण्याच्या धडपडीत वैमानिकाचे वेग व उंचीकडे दुर्लक्ष होणे, हाच यातील सर्वांत मोठा धोका मानला जातो.

रचना आणि प्रकार

छताच्या बिजागऱ्या कोठे आहेत, यावर ते उघडल्यानंतरचे वर्तन अवलंबून असते.

पुढच्या बाजूस बिजागरी असलेले छत मागून वर उचलले जाते. डायमंड कंपनीच्या डीए-४० व डीए-४२ या विमानांत ही रचना आढळते. समोरून येणारा वारा असे छत खाली दाबतो, तर त्याच्या फुगीर पाठीवरील ओढ ते वर खेचते. या दोहोंच्या ओढाताणीत काही विमानांत छत थोडेसे उघडून तेथेच थरथरत राहते.

एका बाजूस बिजागरी असलेले छत, उदाहरणार्थ एक्स्ट्रा जातीच्या कसरतीच्या विमानातील किंवा अनेक ग्लायडरमधील, वाऱ्याने एकदम पूर्ण उघडते. ते फुटण्याची, तुटून शेपटीवर आदळण्याचीही शक्यता असते.

मागे सरकणारे छत तुलनेने निरुपद्रवी असते. ग्रुमन एए-५ या विमानात तर ठरावीक वेगमर्यादेत छत थोडे उघडे ठेवून उडण्याची मुभा आहे.

सेसना १७२ किंवा पायपर आर्चर यांसारख्या विमानांना कॅनोपीऐवजी दरवाजे असतात. दरवाजा उघडल्यास वाऱ्याच्या दाबामुळे तो सहसा काही इंचांपलीकडे जात नाही. मात्र अशा वेळी पाळावयाची मूलतत्त्वे तीच आहेत.

कारणे

छताच्या फुगीर पृष्ठभागावरून जाताना हवेचा वेग वाढतो व तेथील दाब कमी होतो. आतील दाब तुलनेने अधिक असल्याने छत बाहेर ओढले जाते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १४० किलोमीटर वेगाला हवेचा गतिज दाब दर चौरस मीटरला सुमारे ९० किलोग्रॅम वजनाइतका असतो. ताशी २०० किलोमीटरला तो दुप्पट होतो. त्यामुळे अर्धवट बसलेली खिटी जमिनीवर कोणताही दोष दाखवीत नाही आणि विमान धावपट्टी सोडत असताना किंवा नुकतेच वर चढत असताना सुटते. उंची व वेग दोन्ही कमी असण्याचा नेमका हाच काळ असतो.

खिटी अर्धवट राहण्याचे प्रमुख कारण यांत्रिक बिघाड नसून विस्मरण हे असते. घाई, तपासणी यादी म्हणताना मध्येच आलेला व्यत्यय, किंवा सोबतच्या व्यक्तीने छत लावले असेल असे गृहीत धरणे, यांतून ही चूक घडते.

यवतमाळ व विदर्भातील परिस्थिती

विदर्भात या विषयाला उन्हाळ्यामुळे विशेष महत्त्व येते. काचेसारख्या छताखाली उन्हात बसणे असह्य होत असल्याने, जमिनीवर विमान चालवताना छत किंचित उघडे ठेवण्याची सोय काही विमानांत असते. डीए-४० मध्ये अशी वेगळी मधली स्थिती दिलेली आहे. उड्डाणापूर्वी छत पूर्ण मिटून खिटी लावणे बंधनकारक असते. गारव्यासाठी ठेवलेली फट विसरली गेली, तर तीच पुढे संकटाचे मूळ ठरते.

दुसरा मुद्दा हवेच्या घनतेचा आहे. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात तापमान ४३ अंश सेल्सिअसला पोहोचते तेव्हा तेथील हवा, प्रमाण वातावरणात सुमारे दीड हजार मीटर उंचीवर असते तितकी विरळ झालेली असते. इंजिनाची शक्ती व वर चढण्याचा दर आधीच घटलेला असताना उघड्या छतामुळे हवेचा अवरोध वाढतो. हिवाळ्याच्या सकाळी सहज निभावणारा प्रसंग उन्हाळ्याच्या दुपारी अवघड होतो, तो यामुळे.

यवतमाळचा जवाहरलाल दर्डा विमानतळ लहान विमानांसाठी उपयोगाचा आहे. विदर्भात गोंदियाजवळील बिरसी येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था असून तेथे डायमंड विमानांवर शिक्षण दिले जाते. यवतमाळच्या शेजारी, अमरावतीजवळील बेलोरा येथे एअर इंडियाच्या प्रशिक्षण संस्थेसाठी ३४ विमानांची मागणी नोंदवण्यात आली; त्यांपैकी ३१ पायपरची एकइंजिनी व ३ डायमंडची द्विइंजिनी आहेत. म्हणजे नवशिक्या वैमानिकांचा या भागातील कॅनोपीशी व दरवाजाशी नित्य संबंध येतो.

वैमानिकाने करावयाची कृती

प्रत्येक विमानाच्या उड्डाण पुस्तिकेतील सूचना अंतिम समजाव्यात. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

धावपट्टीवर असताना : छत उघडल्याचे लक्षात आले आणि थांबण्याइतकी धावपट्टी शिल्लक असेल, तर इंजिनाची शक्ती काढून घेऊन थांबावे.

हवेत गेल्यावर : प्रथम विमान सांभाळावे. नाकाची दिशा व वेग स्थिर ठेवून नेहमीच्या पद्धतीने वर चढावे. छताकडे हात नेण्याची ऊर्मी आवरावी. एका हाताने छत ओढताना दुसऱ्या हातातील नियंत्रण दांडा नकळत हलतो. उघड्या छतामागची विस्कळीत हवा शेपटीवर आदळल्यास नाक वर-खाली होऊ शकते. ते सावकाश सावरावे.

सुरक्षित उंचीवर : वेग बेताने कमी करावा, मात्र तो स्टॉलच्या जवळ जाऊ देऊ नये. कागद, नकाशे इत्यादी सुटे सामान आवरावे. सोबत कोणी असल्यास एकाने विमान चालवावे व दुसऱ्याने छताची चौकट धरावी. एकट्या विद्यार्थ्याने छत लावण्याच्या खटपटीत न पडता उतरणे श्रेयस्कर. पुस्तिका परवानगी देत असेल तरच छत बंद करण्याचा प्रयत्न करावा.

उतरताना : रेडिओवरून स्थिती कळवावी, वाऱ्याच्या आवाजात उत्तर ऐकू आले नाही तरी घाबरू नये. मोठा, संथ फेरा घ्यावा. अवरोध वाढलेला असल्याने विमान लवकर खाली येते, म्हणून थोडी शक्ती राखून उतरावे. विमान तिरके करून उंची कमी करण्याची पद्धत टाळावी. छत तुटून गेले असल्यास शेपटीला इजा झाल्याची शक्यता धरून, उंचीवर असतानाच कमी वेगात नियंत्रणे कशी चालतात ते पाहून घ्यावे.

एक प्रसिद्ध उदाहरण

नेदरलँड्समधील वैमानिक नरीन मेलकुम्यान यांनी २०२४ साली आपल्या अशा अनुभवाची चित्रफीत प्रसिद्ध केली. एक्स्ट्रा ३३०एलएक्स या विमानातून कसरतीचा सराव करताना छत उघडले व फुटले. डोळ्यांना संरक्षण नसल्याने त्यांना दिसणे व श्वास घेणे कठीण झाले. विमान उडवत राहण्याचा प्रशिक्षकाचा रेडिओवरील सल्ला त्यांनी पाळला आणि त्या सुखरूप उतरल्या. दृष्टी पूर्ववत होण्यास सुमारे २८ तास लागले. खिटी नीट बसली नव्हती व उड्डाणापूर्वी ती डोळ्यांनी तपासण्यात आपली चूक झाली, हे त्यांनी स्वतः सांगितले.

प्रतिबंध

खिटीच्या दांड्याची स्थिती नुसती पाहणे पुरेसे नसते. छताला हाताने वर ढकलून ते हलत नाही याची खात्री करावी. धोक्याचा दिवा असलेल्या विमानातही ही तपासणी टाळू नये. तपासणीत व्यत्यय आल्यास यादी पुन्हा पहिल्यापासून म्हणावी. उन्हाळ्यात छत फटीवर ठेवून धावपट्टीपर्यंत गेल्यास, धावपट्टीवर शिरण्यापूर्वी थांबून ते लावावे. डोळ्यांना चष्मा असावा. शिक्षणाच्या काळातच 'छत उघडले तर काय करायचे' हे प्रशिक्षकाने तोंडी घोकून घेतलेले असल्यास, प्रत्यक्ष प्रसंगी पहिले काही क्षण गोंधळात जात नाहीत.