डोळ्यात तेल घालून…

गेल्या वर्षी मिरचीच्या हंगामात घडलेली गोष्ट. आमच्या धर्माबादेत हंगाम म्हणजे काय असतं, ते इथं राहणाऱ्यालाच ठाऊक. बाजारात लाल ढीग, हवेत खकाणा आणि घरोघरी शिंका! कांडप यंत्रं रात्रंदिवस चालतात आणि चालून चालून झिजतात. मग त्यांचे शाफ्ट, पुल्या, आतले लोखंडी हातोडे, सगळं लेथच्या दुकानात येऊन पडतं. प्रत्येकालाच घाई, “उद्या सकाळी पाहिजे.”

माझा भाचा अशाच एका दुकानात कामाला आहे. वय एकोणीस. एके संध्याकाळी तो एक डोळा मिटूनच घरी आला. “काही नाही मावशी, ग्राइंडर मारताना जरा कचरा गेला. उस्तादनं काडीला कापूस लावून काढलाय.” माझ्या बहिणीनं लगेच थंडावा म्हणून एरंडेलाचे दोन थेंब डोळ्यात घातले. आणि गावभर आरोग्याची शिबिरं घेत फिरणारी मी? मीही म्हटलं, “झोप जरा, सकाळपर्यंत उतरेल.”

नाही उतरलं. तिसऱ्या दिवशी त्याला उजेड सहन होईना, तेव्हा आम्ही सकाळच्या गाडीनं नांदेड गाठलं. डॉक्टरांनी डोळा बधिर करून यंत्राखाली पाहिलं. बुबुळावर लोखंडाचा बारीकसा कण रुतून बसला होता आणि त्याच्याभोवती गंज धरला होता. ओल्या कपड्याला खिळा लागला की जसा तांबडा डाग पडतो ना, अगदी तसा! कण निघाला, गंजही खरवडून काढला, पण एक डाग राहिला तो राहिलाच. डॉक्टर म्हणाले, “नशीब, डाग कडेला आहे. मधोमध असता तर नजर गेली असती. त्याच दिवशी का नाही आणलंत?” आम्ही दोघी बहिणी खाली मान घालून बसलो.

परत आल्यावर मी तरातरा दुकानात गेले, भांडायलाच. उस्ताद भला माणूस. त्यानं स्टूल दिलं, चहा मागवला. म्हणाला, “ताई, चष्मा हाय की. पण घामानं वाफ धरती, दिसत न्हाई. आन् गार्ड कामाला अडतंय म्हणून काढून ठेवलंय.” गार्ड म्हणजे चकतीवरचं अर्धगोल झाकण. ते कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. मी विचारत गेले, तो सांगत गेला. भांडण बाजूलाच राहिलं आणि तासभर माझीच शिकवणी झाली.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, लेथ आणि ग्राइंडरचं बायकांच्या पानावर काय काम? पण ‘स्त्री’ मासिक १९३० साली कुठून निघालं, आठवतं? किर्लोस्करवाडीहून! १९१० साली लोखंडी नांगराच्या कारखान्यासाठी वसलेल्या गावातून. लोखंडाचं आणि आपल्या पानाचं नातं जुनंच आहे. आणि खरं सांगू, या कामातलं निम्मं शहाणपण आपल्याला आधीच माहीत असतं.

जात्याचंच बघा. पूर्वी “जाती-पाटे टाकवून घ्याऽऽ” अशी आरोळी गल्लीत यायची. जातं गुळगुळीत झालं की पीठ नीट पडत नाही, गरम होतं, हात भरून येतात. टाकी लावली की पुन्हा चालतं. धार लावायच्या दगडी चाकाचंही तसंच. त्याचे कण बोथट झाले, फटीत धातू भरला की चाक चकाकतं, पण कापत नाही. मग पोरं जोर लावतात. जोर लावला की चाक तापतं, आणि तापून तडकूही शकतं. त्यालाही टाकी लावावी लागते, दुकानात त्याला ‘ड्रेसिंग’ म्हणतात. अॅल्युमिनियमसारखा मऊ धातू या चाकावर घासू नये, तो याचसाठी. त्यानं फटी लगेच भरतात.

आता माठ. विकत घेताना आपण टिचकी मारून बघतो. टणटण वाजला तर पक्का, भद्द वाजला तर तडा. नवं दगडी चाक बसवण्याआधी ते बोटावर अधांतरी धरून लाकडी मुठीनं हलकेच ठोकतात. भद्द वाजलं तर ते चाक लावायचं नाही. चाक बसवल्यावर बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामं फिरवायचं, समोर उभं राहायचं नाही. फुटायचं असेल तर ते बहुधा तेव्हाच फुटतं. जिनसेला आधार देणारी लोखंडी पट्टी आणि चाक यांच्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. नाहीतर वस्तू आत ओढली जाते, तिच्यामागोमाग बोटंही.

हातातला छोटा ग्राइंडर तर फारच खोडकर. त्याची ४ इंची चकती मिनिटाला साधारण ११ हजार फेरे घेते. हिशेब केला तर तिची कड ताशी २०० किलोमीटरच्या वेगानं पळते. आपल्या स्टेशनातून जाणारी कुठलीही गाडी एवढी धावत नाही! चकतीवर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावा. मोठ्या ग्राइंडरची झिजलेली चकती छोट्यावर बसवायची, झाकण बसत नाही म्हणून ते काढून टाकायचं, ही काटकसर जिवावर बेतते.

लेथची गोष्ट निराळी. तिथं हातमोजे घालायचे नाहीत, हे ऐकून मला नवल वाटलं. पण फिरत्या शाफ्टमध्ये मोज्याचा एक धागा अडकला तरी हात आत जातो. मग पोराच्या मनगटावरचा दोरा, हातातलं कडं, गळ्यातला गमछा? हे सगळं प्रेमानं बांधणाऱ्या आपणच. देवाचा दोरा जरूर बांधा, पण लेथवर उभं राहताना तो काढून ठेवायलाही सांगा, देव रागावणार नाही. कांडपावर आणि गिरणीत उभ्या राहणाऱ्या बायांनी पदर, ओढणी घट्ट खोचायची, तीही याच कारणानं.

१९४८ च्या कारखाने कायद्यानं ३५व्या कलमात कामगारांच्या डोळ्यांचं रक्षण मालकावर सोपवलं होतं. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात किमान १० माणसं असली तर तो कायदा लागू, असं मूळ कायद्यात होतं. गल्लीतल्या दोन-तीन माणसांच्या दुकानात तो पोचणार कसा? तिथं घरच्यांनीच लक्ष घालायला हवं.

आणि कण गेलाच डोळ्यात, तर? चोळू नका. काडी, रुमालाचं टोक, लोहचुंबक, काही लावू नका. दूध, तूप, एरंडेल तर अजिबात नको. नुसती धूळ असेल तर स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा. काही रुतलेलं दिसलं तर धुऊही नका. डोळ्यावर दाब येणार नाही अशी कागदी कपाची झाकणी धरा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. “ग्राइंडरवर काम करत होतो” हे आवर्जून सांगा. कधी कधी कण डोळ्याच्या आत शिरतो आणि फारसं दुखतही नाही, म्हणून तपास नीट व्हावा लागतो.

यंदा संक्रांतीला आमच्या बचत गटानं प्लॅस्टिकच्या वाट्यांऐवजी वाण म्हणून चष्मे वाटले. बाजूनं बंद, वाफ जायला भोकं असलेले. ज्यांच्या घरचं कुणी वेल्डिंगला, लेथवर, कांडपावर आहे, त्या घरांना आधी. हशा तर खूप पिकला. एक म्हातारी आजी म्हणाली, “ह्ये घालून तिळगूळ खायचा व्हय गं?” पण घेऊन गेली, नातवासाठी.

सगळेच चष्मे वापरात आहेत असं नाही. काही दुकानांत ते खिळ्याला लटकलेले मी पाहिलेत. माझा भाचा मात्र लावतो, आणि उस्तादनं चकतीवरचं झाकण पुन्हा बसवलंय. पोरांच्या बाबतीत डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं म्हणतात. तेल डोळ्यात घालायचं नसतं, एवढं मी शिकले. लक्ष मात्र ठेवायचंच.

घरून निघताना आपण रोज विचारतो, “डबा घेतलास का?” उद्यापासून आणखी एक विचारू या, “चष्मा घेतलास का?”