तीन पानांचा हिशेब

आमच्या इंदूरच्या घरात पत्त्यांना मज्जाव कधीच नव्हता. उन्हाळ्याच्या सुटीत झब्बू आणि बदाम सात, पावसाळी संध्याकाळी रमी, असे तीन पिढ्या चालत आले आहे. 'तीन पत्ती'ला मात्र उंबरठा ओलांडण्याची परवानगी नव्हती. २०२४ च्या उन्हाळ्यात वसतिगृहात राहणाऱ्या आमच्या भाच्याने हाच खेळ मोबाइलवर पैसे लावून खेळता खेळता खाणावळीचे पैसे घालविले. रागावण्यासाठी शब्द आमच्याजवळ पुष्कळ होते. पण ज्या खेळावर रागवायचे, त्याचा एकही नियम आम्हांस ठाऊक नव्हता! म्हणून त्या वर्षी पाडव्याच्या दुपारी आम्ही भाच्यालाच गुरू केले. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे; तेव्हा मुहूर्त शास्त्रोक्तच होता. पैशांच्या जागी चिंचोके आले.

नियम तासाभरात समजले. प्रत्येकाने आधी ठरलेले चिंचोके मध्ये टाकायचे. त्याला 'बूट' म्हणतात. मग प्रत्येकी तीन पाने उपडी वाटायची. ज्याला पाने पाहायची नाहीत तो 'ब्लाइंड' खेळतो. ज्याने पाने पाहिली, त्याला ब्लाइंडच्या निदान दुप्पट चाल द्यावी लागते. नको असेल त्याने 'पॅक' म्हणून पाने टाकावीत. दोघेच उरले की 'शो' मागता येतो.

सर्वांत वरचे पान 'ट्रेल', म्हणजे तिन्ही पाने सारखी. त्याखाली एकाच रंगाचा क्रम, मग मिश्र रंगाचा क्रम, मग नुसता रंग, मग जोडी. आणि यांतले काहीच नसेल तर मोठे पान. पाच पानांच्या पोकरमध्ये रंग हा क्रमाच्या वर असतो. येथे तो खाली का, असे आम्ही विचारले. भाच्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हा आम्ही वही काढली.

बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येतात. त्यांत मिश्र क्रम ७२० आणि नुसता रंग १,०९६. दुर्मिळ ते वरचे, हा न्याय बरोबर ठरला. गंमत अशी, की ट्रेल ५२ आणि एकरंगी क्रम ४८. म्हणजे येथे रूढीने गणितावर मात केली आहे! जोड्या ३,७४४. राहिलेले १६,४४० हात, म्हणजे शंभरांतले सुमारे चौऱ्याहत्तर, अगदी रिकामे. ट्रेल तर ४२५ हातांत सरासरी एकदा.

वही चालू असताना आमच्या मातोश्रींनी पाने न पाहताच चिंचोके लावण्याचा सपाटा चालविला होता. त्यांची निश्चिंत मुद्रा पाहून एकेकाने पाने टाकली. शेवटी त्यांनी पाने उलटली, तो दुर्री, पंजा आणि नव्वी! घरभर हशा पिकला. आम्ही तर जोडी टाकून बसलो होतो. भाचा मात्र हसला नाही. मोबाइलच्या पडद्यावर समोरच्याचे तोंडसुद्धा दिसत नाही, एवढेच तो म्हणाला.

रमीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा, तर तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा असल्याचे म्हटले होते. मातोश्रींचा डाव पाहिल्यावर 'निव्वळ' या शब्दाविषयी आम्हांस किंचित शंका आली. पण घरच्या डावात एकाचे गेलेले चिंचोके दुसऱ्याच्या ओंजळीत जातात, आणि मोबाइलवर खेळ चालविणारा त्यांतूनच आपला वाटा काढून घेत असे, हे आम्हांस आता कळले होते. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने केला. आमच्या घरातला निर्णय त्याआधीच झाला होता.

दिवेलागणीला वही मिटताना भाचा म्हणाला, "मामा, चारांतले तीन हात रिकामेच येतात, हे मी कधी मोजलंच नव्हतं."

"आणि कुठे अडलास, हे आम्ही तुला कधी विचारलं नव्हतं," आम्ही म्हणालो.

मातोश्रींनी चिंचोके मोजून बरणीत भरले. दोन कमी भरले, म्हणून सतरंजी पुन्हा झाडावी लागली.